मिठानं खाल्लेला अंगठा

"आईचा अंगठा बंद करून द्या, मॅडम," दिनेश म्हणाला.

खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून तो रोह्याहून थेट पेणला आमच्या शाखेत आला होता. अंगावर कंपनीचाच शर्ट. मी विचारलं, अंगठा बंद करायचा म्हणजे नक्की काय करायचं? तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला की आई अंगठा लावून खात्यातून पैसे काढते आणि रोह्याजवळ अष्टमी गावात दिलेल्या माझ्या बहिणीला देते. ते थांबवायचंय.

मी तेव्हा बँकेत वित्तीय समावेशन पाहत होते. नाव भारदस्त असलं तरी काम साधं. पेण आणि रोहा तालुक्यांत जिथे शाखा नाही, तिथे बँक पोहोचवायची. म्हणजे गावोगावच्या बँक मित्रांवर लक्ष ठेवायचं, त्यांची मशीन बिघडली की दुरुस्तीला पाठवायची आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. आता रिटायर झालेय, त्यामुळे लिहायला मोकळी आहे. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव घेतच नाही.

बँक मित्र हा बँकेचा नोकर नसतो. एजन्सीनं नेमलेला गावातलाच कुणीतरी असतो. व्यवहार होईल तसं त्याला कमिशन मिळतं. त्याच्याकडे हातात मावेल एवढं मशीन असतं. गिऱ्हाइकानं आधार नंबर सांगायचा आणि मशीनच्या काचेवर अंगठा ठेवायचा. ठसा आधारच्या नोंदीशी जुळला की खात्यातून रक्कम कमी होते आणि बँक मित्र आपल्याजवळची रोख त्याच्या हातावर ठेवतो. पिन नाही, सही नाही, स्लिप भरायची भानगड नाही. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे, असं मला आजही वाटतं.

दिनेशची आई म्हणजे हिराबाई. खाडीकाठच्या खारेपाटातलं गाव. सगळा जन्म मिठागरात गेला. नवरा वारला, पाठोपाठ गुडघे गेले आणि काम सुटलं. खात्यात तिची पेन्शन यायची. शिवाय रस्त्यात गेलेल्या जागेचे तिच्या वाट्याचे पैसे होते. त्या पैशांतून गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं, असं घरात ठरलं होतं. दिनेश दवाखान्यात चौकशी करून आला, मग पासबुक भरून घेतलं, तेव्हा खातं जवळजवळ कोरडं निघालं.

संशय कुणावर जाणार हे ठरलेलंच होतं. त्याची बहीण रेखा अष्टमीला दिलेली. तिच्या नवऱ्याची नोकरी सुटलेली, घरात दोन पोरं. दिनेशच्या बायकोनं गणित मांडलं आणि दिनेशला ते पटलं. हिराबाईनं जीव तोडून सांगितलं की मी महिन्याला एकदाच पैसे काढते आणि आणून घरात देते. पण काढलेले पैसे तर जास्त दिसत होते आणि प्रत्येक वेळी अंगठा तिचाच होता. आई खोटं बोलते किंवा आईला भ्रम झालाय, या दोन्हींपैकी काहीतरी एक असणार, असं तिच्या तोंडावर बोललं जाऊ लागलं. त्या वर्षी गणपतीला रेखाला बोलावणं गेलं नाही. आमच्या पेणमध्ये माहेरवाशिणीला गणपतीला न बोलावणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. हिराबाई आरतीला उभी राहिली नाही, असं दिनेशनंच मला सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात.

आमचे मॅनेजर वाघमारे साहेब साताऱ्याकडचे. माणूस सरळ, पण घाईचा. त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "ठसा जुळलाय ना? मग व्यवहार तिचाच. घरातलं भांडण आहे, आपण त्यात पडायचं नाही." नियमाला धरून ते बरोबरच बोलत होते.

मी दिनेशला सांगितलं की अंगठ्यावरचे व्यवहार बंद करता येतात, पण ते ज्याचा अंगठा त्यानंच सांगायला हवं. आईला घेऊन ये. त्याला वाटलं मी टाळाटाळ करतेय. धुसफुसत गेला.

तो गेल्यावर मी खात्याचा उतारा काढून बघितला. पेन्शन काढायच्या दिवशी बहुतेक वेळा दोन नोंदी होत्या, क्वचित तीन. दोन नोंदींमध्ये दोन-चार मिनिटांचं अंतर. हे मला खटकलं. एखाद्या बाईला लेकीला चोरून पैसे द्यायचे असतील, तर ती एकदाच जास्त रक्कम काढेल. नाहीतर दुसऱ्या दिवशी, आजूबाजूला कुणी नसताना जाईल. सगळ्या गावासमोर एकाच बैठकीत दोनदा अंगठा लावून ती काय मिळवणार? चोरी करणारा माणूस इतका बावळट नसतो, आणि हिराबाई भ्रमिष्ट असती तर तिचा भ्रम दर महिन्याला इतका वक्तशीर नसता. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर दिनेशचा जुना, केव्हाच बंद पडलेला होता, म्हणजे बँकेचे मेसेज कुणालाच मिळत नव्हते.

पुढच्या आठवड्यात दिनेश आईला घेऊन आला. हिराबाई काउंटरला धरून धरून माझ्या टेबलापर्यंत आली. बसली, पण पोराकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. माझी एक सवय होती. म्हातारं माणूस आणि त्याचं पोर एकत्र आले की पोराला काहीतरी कामाला लावायचं आणि म्हाताऱ्याशी एकट्यानं बोलायचं. पोरासमोर म्हातारी माणसं पोराला हवं तेच बोलतात. मी दिनेशला आधारची झेरॉक्स आणायला बाहेर पाठवलं.

तो दाराबाहेर पडला न पडला तोच ती म्हणाली, "मी चोर नाय, मॅडम. माझी लेक पन चोर नाय."

मी म्हटलं, ते मी विचारलंच नाही. पैसे कसे काढता तेवढं सांगा. घरातून निघाल्यापासून सगळं सांगा.

तिनं सांगितलं. पेन्शन जमा झाली की नितेश समाजमंदिराच्या ओट्यावर मशीन घेऊन बसतो. नितेश म्हणजे त्यांच्या गावचा बँक मित्र. पोरगा गुणाचा. हिराबाईला मावशी म्हणतो, कारण त्याची आई आणि हिराबाई एकाच मिठागरात, एकाच टोळीत कामाला होत्या. गुडघे फारच दुखत असले तर तो मशीन घेऊन घरी येतो. वर पैसे मागत नाही. मग हिराबाई त्याला कधी वालाच्या शेंगा देते, कधी सुकट बांधून देते.

"आणि अंगठा?"

"अंगठा लावते. लागत नाय. मग परत लावते. कवा दोनदा, कवा तीनदा. मग लागतो."

"दर वेळी असं होतं?"

"दर टायमाला. माझा अंगठा मेलेला हाय ना. मिठानं खाल्ला."

हे खाडीकाठच्या गावांत सर्रास बोललं जातं. मिठागरात हात सतत खाऱ्या पाण्यात असतात. फावडी ओढायची, मीठ गोळा करायचं, टोपल्या भरायच्या. बोटांवरच्या बारीक रेघा झिजून जातात आणि मशीनला नुसती गुळगुळीत कातडी दिसते. मशीन म्हणतं, ठसा जुळत नाही. या लोकांना मी कितीतरी वेळा रडकुंडीला आलेलं पाहिलंय. तरी त्यात त्यांचा थोडा तोराही असतो. मेलेला अंगठा म्हणजे बाई खऱ्या कष्टाची, असं धरलं जातं. ज्याचा अंगठा लगेच लागतो, त्याची टिंगल होते.

मी हिराबाईचा हात हातात घेतला. तळवा अजून खरखरीत होता. पण अंगठ्याचं टोक मऊ वाटलं. मी विचारलं, मिठागर सोडून किती काळ झाला? म्हातारा गेला तेव्हापासून, चार पावसाळे तरी झाले असतील, असं ती म्हणाली. आधारचे ठसे पुन्हा कधी दिले होते का? हो, पंचायतीत कॅम्प झाला होता, काम सुटल्यानंतर.

माझ्या खणात एक मशीन असायचं. ते मी बाहेर काढलं. फक्त शिल्लक किती ते बघायचं, पैसे निघणार नाहीत, हे तिला दोनदा समजावलं. ती म्हणाली, "कशाला टाइम घालवता? लागनार नाय." तरी तिनं पदराला अंगठा पुसला, त्यावर फुंकर घातली आणि काचेवर ठेवला.

मशीननं ठसा लगेच घेतला. शिल्लक दिसली.

ती म्हणाली, "तुमचं मशीन चांगलं हाय." मी म्हटलं, नितेशकडे असंच आहे, मीच त्याला दिलंय. तिनं पुन्हा अंगठा ठेवला. पुन्हा लागला. मग डावा अंगठा ठेवला, तोही लागला. मी तिला सांगितलं की रेघा झिजतात, पण काम सुटलं की कातडी हळूहळू भरून येते. सगळ्यांचीच येते असं नाही, पण बऱ्याच जणांची येते. तुमचा अंगठा जिवंत आहे.

तिनं अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.  जे समजायचं होतं ते तिचं तिनंच समजून घेतलं.

"म्हंजे पयल्यांदाच लागत व्हता," ती म्हणाली.

पहिल्यांदा अंगठा लावला की नितेश त्याला हवी ती रक्कम टाकायचा आणि म्हणायचा, मावशी, लागला नाही, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा तिला हवी ती रक्कम टाकायचा आणि नोटा मोजून हातात द्यायचा. पावतीचा रोल नेहमीच संपलेला असायचा. मला भयंकर संताप आला. फसवणुकी मी भरपूर पाहिल्या होत्या. पण आपल्या आईच्या सोबतिणीला तिच्याच कष्टाची खूण दाखवून लुटणारा पहिल्यांदा पाहत होते.

हिराबाई म्हणाली, दिनेशला आत बोलवा. मी तिला थांबवलं. दिनेशला कळलं तर संध्याकाळपर्यंत गावाला कळेल, आणि नितेश सावध होईल. एका अंगठ्यावर काही सिद्ध होत नाही. थोडे दिवस गप्प राहाल का? मी काय मागत होते याची मला कल्पना होती. घरात तिला चोर म्हटलं जात होतं, चोरी कुणी केली हे तिला आता पक्कं माहीत होतं, आणि तरीही तोंड मिटून बसायचं होतं.

"इतकं दिस ऐकलं," ती म्हणाली. "अजून ऐकते."

दिनेश झेरॉक्स घेऊन आला. मी त्याला सांगितलं की अंगठ्यावरचे व्यवहार थांबवलेत आणि बाकी चौकशी चालू आहे. तो समाधानानं आईला घेऊन गेला.

वाघमारे साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पण पुढे तेच विचारलं, जे मी त्यांच्या जागी असते तर विचारलं असतं. "एका म्हातारीचा अंगठा लागला म्हणून पोराला चोर ठरवायचं का?" मी म्हटलं, नाही. ठसा जुळला नाही तर त्या फसलेल्या प्रयत्नाचीही सिस्टिममध्ये नोंद होते. ती नोंद आपल्याला शाखेत दिसत नाही, हेड ऑफिसला मागावी लागते. मागू का? ते म्हणाले, मागा. आणि तोपर्यंत तोंड बंद.

हेड ऑफिसचं उत्तर येईपर्यंत मी हातावर हात ठेवून बसणार नव्हते. जनजागृतीचे कार्यक्रम करायचे आम्हाला टार्गेट असायचं. त्यातला एक त्या गावात लावला. नितेशनंच खुर्च्या मांडल्या, बॅनर बांधला. बॅनरवर लिहिलं होतं, अनोळखी व्यक्तीला ओटीपी सांगू नका. माझी ओळखही त्यानंच करून दिली, छान बोलला. मी नेहमीचं भाषण केलं. परक्या माणसाच्या फोनला भुलू नका, लिंक दाबू नका, लॉटरी लागत नसते. माणसं माना डोलवत होती. त्या गावातल्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांकडे फोनच नव्हता, आणि परका माणूस त्यांच्याकडे वर्षात एकदा येत असेल.

दुपारी नितेशला एजन्सीच्या मीटिंगला पेणला बोलावून घ्यायची व्यवस्था मी आधीच केली होती. तो गेला. मी पिशवीतून मशीन काढलं आणि म्हटलं, चला, सगळ्यांचे अंगठे तपासू.

लोक हसायला लागले. आमचे मेलेले अंगठे आहेत, तुमचं मशीन दमेल, असं एका आजोबांनी सांगितलं. पहिली बाई पुढे आली ती अजून मिठागरात जाणारी होती. तिचा अंगठा खरोखरच लागला नाही, चारही बोटं लागली नाहीत. सगळ्यांना बरं वाटलं. मग काम सोडून बसलेली एक म्हातारी आली. तिचा लगेच लागला. तिच्या शेजारणीनं टोमणा मारला, "तुझा जिता झाला गो!" पुन्हा हशा. मग आणखी एक आली, मग ते आजोबा आले. काम सोडलेल्यांपैकी एक-दोन वगळता सगळ्यांचे अंगठे पहिल्या झटक्यात लागत गेले. हसणं हळूहळू थांबलं.

मी सहज विचारावं तसं प्रत्येकाला विचारलं, नितेशकडे किती वेळा लावावा लागतो? काम सोडलेल्या सगळ्यांचं उत्तर एकच आलं. दोनदा, तीनदा. आणि ज्यांचे अंगठे खरोखर झिजलेले होते, त्यांच्यासोबत नितेश अर्धा अर्धा तास खपायचा. ओल्या फडक्यानं बोट पुसायचा, एकेक बोट लावून बघायचा आणि हिशेबाचा पैसा न् पैसा द्यायचा. त्यामुळेच कुणाला शंका आली नाही. खरे मेलेले अंगठे रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. हिराबाई मागच्या रांगेत बसली होती. तिनं शब्द दिल्याप्रमाणे तोंड उघडलं नाही.

हेड ऑफिसचं उत्तर यथावकाश आलं. हिराबाईच्या अंगठ्याचा एकही प्रयत्न फसलेला नव्हता. कार्यक्रमात ज्यांचे अंगठे लगेच लागले होते त्यांच्याही नोंदी मी मागवल्या होत्या, त्यांचंही तसंच.

नितेशला शाखेत बोलावलं. साहेब, मी आणि एजन्सीचा माणूस. आधी तो नेटवर्कबद्दल बोलला, मग मशीनबद्दल. मग मी त्याच्यासमोर माझं मशीन ठेवलं आणि म्हटलं, काम सोडलेल्या माणसांचेच अंगठे तुझ्याकडे लागत नाहीत, असं का? त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं की हे तुला सुचलं कसं.

"आईमुळं," तो म्हणाला. "आईनं मिठागर सोडलं. सुरुवातीला तिचा अंगठा लागायचा नाय. मग एक दिवस लागला. पन ती बोलली, आता परत लावू काय? तिला सवय झालेली. तिला समजलंच नाय लागला ते."

"मग?"

"मग माझ्या लक्षात आलं, कुणालाच समजत नाय."

पैसे कुठे गेले तेही त्यानं सांगितलं. त्यात नवीन काही नव्हतं.

तो बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "हिराबाईचे पैसे परत देतो म्हणतोय. लिहून घ्या, मशीन काढून घ्या, विषय संपवा. बोभाटा झाला तर उद्या गावोगावची माणसं मशीनला हात लावणार नाहीत."

मी म्हटलं, "साहेब, हिराबाईचे परत देतोय, कारण तिचे गेलेत हे आपल्याला कळलंय. बाकीच्यांना तर आपले पैसे गेलेत हेच माहीत नाही."

 ते म्हणाले, ठीक आहे, पण पोलिसांत जायचं तर गिऱ्हाइकांच्या लेखी तक्रारी हव्यात. त्या तुम्ही आणा.

तिथेच खरं घोडं पेंड खात होतं. मी गावात गेले, एकेकाला समजावून सांगितलं. त्यांना धक्का बसला, काहींनी शिव्या दिल्या. पण तक्रारीवर अंगठा द्या म्हटलं की माणसं मागे सरायची. माझ्या आधी नितेशची आई घरोघर जाऊन आली होती. सगळ्यांच्या दारात बसली, पदर पसरला. या बायकांनी एकमेकींच्या डोक्यावर टोपल्या चढवून दिल्या होत्या, एकमेकींची बाळंतपणं केली होती. पोर आपलंच आहे, चुकलं, पैसे देतोय ना, असं सगळे म्हणू लागले. मी चिडले. म्हटलं, आपलं पोर होतं म्हणूनच त्याला जमलं. माझ्या चिडण्याचा काही उपयोग झाला नाही.

शेवटी हिराबाईकडे गेले. दिनेशला आदल्या संध्याकाळी मी स्वतः सांगितलं होतं. तो ओटीवर बसून होता. त्याची बायको आत होती ती बाहेर आली नाही. हिराबाईला मी विचारलं, नितेशची आई इथे आली होती का?

"आलेली," ती म्हणाली. "रडली. मी पन रडले. ती बोलली, हिरे, माझा पोर आत जाईल गो. मी बोलले, जाईल नि परत येईल. माझी लेक गणपतीला आली नाय. तो गणपती परत येनार हाय काय?"

मग तिनं शाईचं पॅड मागितलं आणि तक्रारीवर अंगठा उठवला. चांगला स्पष्ट उठला. त्यानंतर आणखी काही जण पुढे आले. सगळे नाही आले, पण पोलिसांना पुरेसे झाले.

नितेशचं मशीन गेलं, त्याच्यावर केस झाली. ती अजून चालू आहे. एजन्सीनं बँकेकडे ठेवलेल्या ठेवीतून सगळ्यांचे पैसे परत मिळाले, तक्रार न करणाऱ्यांचेही. बरेच महिने लागले, पण मिळाले. वाघमारे साहेबांनी हेड ऑफिसला स्वतः लिहिलं की खाडीकाठच्या गावांत पावती दिल्याशिवाय व्यवहार नको. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. चांगलं लिहिलं होतं.

हिराबाई नंतर एकदा शाखेत आली, ऑपरेशनच्या आधी. दिनेश तिला घेऊन अष्टमीला जाऊन आला होता. मी विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं, रेखानं दार उघडलं, बसायला दिलं, चहा केला, पोहे केले. दिनेशनं मान खाली घालून सांगितलं की चूक झाली, नितेशनं पैसे खाल्ले, ते परत आलेत.

"रेखा काय म्हणाली?"

"बोलली, दादा, पैसं परत आलं म्हनून तू आलास. नसतं आलं तर मी मरेपर्यंत चोरच."

"आणि दिनेश?"

"तो काय बोलनार? मुकाट पोहं खाल्लं."

यंदाच्या गणपतीला रेखाला बोलावणं गेलं. ती आली, आरतीला थांबली आणि जेवायच्या आधी निघून गेली.

रक्कम बुडाली तर ती वसूल करायची पद्धत बँकेकडे असते. अर्ज असतो, ठेव असते, वेळ लागला तरी काम होतं. घरात बोललेलं परत घ्यायची काही पद्धत मला तरी नोकरीत कुणी शिकवली नाही. म्हणून लोकांनी विचारलं की मी एवढंच सांगते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खात्यातून पैसे गेलेले दिसले, तर कुणाला दिलेस हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, कसे काढलेस? आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या. हिराबाईला ते सांगायला पाच मिनिटं लागली होती. घरात तिला तेवढी कुणी दिली नव्हती.